४० मशीन, लिनक्सच्या ३ डिस्ट्रो, हातात २ पेनड्राईव्ह – नेटवर्कवरून आपोआप इन्स्टॉल कसं करायचं?

विश्रामबाग_लॅबवाला · शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सांगलीत एका पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट आहे. दर सेमिस्टरला तीच रडकथा, ४० मशीन फॉरमॅट करायची, कोणाला डेबियन पाहिजे, कोणाला उबंटू, आणि सर्व्हरच्या विषयाला मॅडमना रॉकी लिनक्स पाहिजे. पेनड्राईव्ह २, त्यातला एक अधूनमधून डोळे मिटतो. मागच्या वेळी दोन दिवस नुसतं नेक्स्ट नेक्स्ट दाबत बसलो होतो, टाइमझोन कोलकाता ४० वेळा निवडलं.

म्हणून यावेळी ठरवलं की पीएक्सईनं (मशीन नेटवर्कवरूनच बूट करून) करायचं. एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकून डीएनएसमास्क (मशीनला आयपी आणि बूट फाईलचा पत्ता देणारा प्रोग्राम) चालू केलं, ती फाईल पाठवणारं टीएफटीपी त्याच्यातच, आणि डेबियनचं नेटबूट फोल्डर (नेटवर्कवरून इन्स्टॉलर चालू करायच्या फाईली) ठेवलं (ते आमच्या आधीच्या असिस्टंटनी ठेवलेलं होतं, तेच वापरलं). जुन्या मशीनवर मेन्यू आला, लय आनंद झाला. पण तो पंधराच मिनिटं टिकला, कारण तेवढ्यात खालून फोन, ऑफिसचं नेट बंद. लायब्ररीचं पण बंद. माझा डीएचसीपी सगळ्या कॉलेजला आयपी वाटत सुटला होता. मी गुपचूप केबल काढली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तोवर तिघं जण राऊटर बंद-चालू करत उभे होते, मी काय बोललो नाही.

आता प्रश्न असे:
जुनी २४ मशीन आहेत, तिसऱ्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम, साधं बायोस. नवी १६ आहेत, ८ जीबी, यूईएफआय (बायोसची नवी पिढी), एनव्हीएमई डिस्क. जुन्यांवर मेन्यू येतो, नवी मशीन नेटवर्कवर जातात आणि काही न बोलता परत विंडोजमध्ये. असं का?
उबंटूला डेबियनचीच प्रीसीड फाईल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) दिली, काही ढिम्म झालं नाही. २४.०४ आहे.
आणि मुख्य म्हणजे तिन्ही डिस्ट्रोला चालेल अशी एकच उत्तरांची फाईल असते का? एकदा लिहिली की झालं असं काहीतरी.

---

पेनड्राईव्ह_मास्तर · शनिवार, रात्री ११:३२

कशाला एवढा व्याप भावा. एक मशीन नीट सेट कर, क्लोनझिलानं त्याच्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढ, बाकी ३९ वर ओत. मल्टिकास्टनं एकदम जाते सगळीकडे. आम्ही १० वर्षं हेच करतोय, चहा पिऊन येईपर्यंत लॅब तयार.

---

कुपवाड_एमआयडीसी · रविवार, सकाळी ७:४८

सकाळी सकाळी वाचून हसलो, कारण डीएचसीपीचा हा पराक्रम मी पण केलाय, फक्त माझ्या वेळी कारखान्यातलं वजनकाट्याचं मशीन बंद पडलं होतं आणि गेटवर उसाच्या गाड्यांसारखी ट्रकची रांग लागली होती.

तर पहिलं ते. डीएनएसमास्क पूर्ण डीएचसीपी म्हणून चालवलंस तर ते आयपी तर देतंच, वर न सांगता गेटवे आणि डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता देतं. तुझ्या त्या डेस्कटॉपला बाहेरचं नेट पुढे पाठवायचं माहीत नाही, म्हणून ऑफिस आंधळं झालं. उपाय सोपा आहे, डीएचसीपी-रेंजच्या ओळीत शेवटी प्रॉक्सी लिही. मग आयपी कॉलेजचा राऊटरच देईल, तुझं मशीन फक्त एवढंच सांगेल की बूट फाईल माझ्याकडे आहे. कोणाला पत्ता लागणार नाही. तरी शक्य असेल तर लॅबचा स्विच मुख्य लॅनपासून तोडून सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड लाव, तेच खरं सुरक्षित.

आता नवी मशीन. बायोसवाल्या मशीनला जी फाईल चालते ती यूईएफआयला चालत नाही, पूर्ण वेगळा प्रोग्राम आहे. मशीन डीएचसीपी मागताना ऑप्शन ९३ मध्ये आपली जात सांगतं, ० म्हणजे जुनं बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय, काही मशीन ९ पण पाठवतात. ते बघून सर्व्हरनं वेगवेगळी फाईल द्यायची. तू सगळ्यांना पीएक्सईलिनक्सचीच, म्हणजे बायोसवाली, देतोयस, नवीन मशीन ती घेतं, बघतं, टाकून देतं. डीएनएसमास्कला पीएक्सई-सर्व्हिसच्या दोन ओळी लिही, एक बायोससाठी आणि एक यूईएफआयसाठी.

माझं ऐकशील तर दोन्हीकडे आयपीएक्सई (जास्त हुशार बूट प्रोग्राम) दे. टीएफटीपी म्हणजे बैलगाडी, मूळ हिशोबात ५१२ बाइटचा एक तुकडा जातो, समोरच्यानं मिळाला म्हटल्याशिवाय दुसरा निघत नाही. आयपीएक्सईची छोटी फाईल तेवढी टीएफटीपीनं जाऊ दे, तिथून पुढं कर्नल, इनिटआरडी (बूटच्या मोठ्या फाईली) सगळं एचटीटीपीनं एनजिनएक्स वेब सर्व्हरवरून. यात एक खड्डा आहे, आयपीएक्सई चालू झाल्यावर ते स्वतः परत डीएचसीपी विचारतं, आणि सर्व्हरनं परत तीच फाईल दिली की ते परत स्वतःलाच लोड करतं, मग बसा बघत, रहाटगाडगं. म्हणून विचारणाऱ्यानं पाठवलेला यूजर क्लास आयपीएक्सई असेल तर मेन्यूच्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, नसेल तर फाईल द्यायची.

सिक्युअर बूट (सही असलेलीच बूट फाईल चालू देणारं कुलूप) बंद केलंस का? आयपीएक्सईची तू स्वतः बांधलेली फाईल त्यात चालणार नाही. तुला वाटेल की मग डेबियनचे सही केलेले बूटलोडर, शिम आणि ग्रब, वापरू, पण डेबियनचं शिम रॉकीचा कर्नल ओळखत नाही, त्याच्याकडे चावी डेबियनचीच आहे. तीन डिस्ट्रो एका मेन्यूत पाहिजे असतील तर लॅबमध्ये सिक्युअर बूट बंद, विषय संपला.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर: नाही. एकच फाईल नसते. डेबियनची प्रीसीड, रेड हॅट घराण्याची (रॉकी त्यातलंच) किकस्टार्ट, उबंटूची ऑटोइन्स्टॉल, सुसे घेतलीस तर (१५ पर्यंत) ऑटोयास्ट एक्सएमएलमध्ये. चार भाऊ, चार चुली.

---

विश्रामबाग_लॅबवाला · रविवार, दुपारी ३:१५

दादा लय उपकार. प्रॉक्सी केलं, ऑफिसमधून अजून तरी फोन नाही (रविवार आहे म्हणा). सिक्युअर बूट बंद केलं, शिवाय बायोसमध्ये नेटवर्क स्टॅक म्हणून एक ऑप्शन होता तोच काही मशीनवर बंद होता, तो १६ ठिकाणी जाऊन तपासला आणि बंद होता तिथे चालू केला. आता नव्या मशीनवर पण मेन्यू येतो.

डेबियन आता वेगळंच नाटक करतंय. भाषा आणि कीबोर्ड विचारतंच, प्रीसीडमध्ये दोन्ही लिहिलंय तरी. आणि पुढे गेल्यावर म्हणतं कर्नल मॉड्यूल सापडली नाहीत.
उबंटू जुन्या मशीनवर डाउनलोड करता करता जागा संपली म्हणून मरतं. डिस्क तर ५०० जीबीची आहे, रिकामी.

---

हळदीचा_रूट · रविवार, संध्याकाळी ६:०२

मी मूळची तासगावची, सध्या पुण्यात हेच काम करते, म्हणून घुसते मध्ये.

डेबियनचं आधी. प्रीसीड फाईल एचटीटीपीवर आहे ना, म्हणजे ती मिळायला आधी नेटवर्क चालू पाहिजे, आणि इन्स्टॉलर भाषा विचारतो नेटवर्कच्या आधी. त्याला फाईल दिसायच्या आतच तो प्रश्न विचारून मोकळा होतो. कर्नलच्या ओळीत ऑटो ट्रू आणि प्रायॉरिटी क्रिटिकल लिही, मग तो हे प्रश्न मागे ढकलतो, आधी नेटवर्क, मग फाईल, मग बाकीचं. कर्नल मॉड्यूलचं कारण तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे, ते आधीच्या असिस्टंटचं फोल्डर. नेटबूटचा कर्नल जुना, आणि मिररवर (डेबियनच्या फाईली ठेवलेल्या सर्व्हरवर) मॉड्यूल नव्या कर्नलची, दोघांची सोयरीक जमत नाही. डेबियनचं पॉइंट रिलीज (छोटं अपडेट) आलं की हे होतं, काल चालणारं आज बंद. नेटबूटची टार फाईल मिररवरून ताजी उतरव आणि दर सेमिस्टरच्या आधी परत उतरव.

उबंटूला प्रीसीड आता विसर. २०.०४ ला सर्व्हरचा इन्स्टॉलर बदलला आणि २२.०४ पासून जुना नेटबूट इन्स्टॉलर मिळतच नाही. आता यूजर-डेटा आणि मेटा-डेटा अशा दोन फाईल एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. मेटा-डेटा रिकामी चालते पण असावी लागते, नसली की तो फाईल शोधत बसतो. यूजर-डेटाची पहिली ओळ हॅशच्या चिन्हाला (#) लागूनच क्लाउड-कॉन्फिग, ही कॉमेंट आहे असं समजून पुसू नकोस, मी पुसली होती, एक अख्खी दुपार गेली. फाईल वायएएमएल पद्धतीची आहे, टॅब चालत नाही, स्पेसच. कर्नलच्या ओळीत ऑटोइन्स्टॉल हा शब्द हवाच, नाहीतर सगळं वाचून झाल्यावर ‘पुढे जाऊ का’ म्हणून येस टाईप करायला थांबतो, म्हणजे परत ४० खुर्च्या फिरणं आलं. आणि या फाईलींच्या पत्त्याच्या ओळीत नोक्लाउड नंतर अर्धविराम असतो, आयपीएक्सईत त्याचं काही नाही, पण कधी ग्रबवर गेलास तर तो अर्धविरामाला कमांड संपली असं समजतो, तिथे अवतरणात टाकायचं.

जागा संपली ती डिस्कवरची नाही रे, रॅममधली. यूआरएल देऊन बूट केलं की हा अख्खी आयएसओ (इन्स्टॉलरची पूर्ण डिस्क फाईल) रॅममध्ये उतरवतो. २४.०४ च्या सर्व्हरची आयएसओ अडीच जीबीच्या वर आहे, तुझ्या ४ जीबीत ती ठेवून वर इन्स्टॉलर कुठे नाचणार? जुन्या मशीनवर उबंटू पाहिजेच असेल तर आयएसओ उघडून एनएफएसवर (नेटवर्कवरचं शेअर फोल्डर) शेअर कर आणि नेटबूट एनएफएस असं सांग, मग लागेल तेवढंच वाचतो. मी तुझ्या जागी असते तर जुन्या २४ वर डेबियनच ठेवलं असतं.

रॉकीची किकस्टार्ट सगळ्यात सरळ. एक मशीन हातानं इन्स्टॉल कर, रूटच्या घरात अ‍ॅनाकोंडा-केएस नावाची फाईल आपोआप बनलेली असते, तू जे जे निवडलंस ते सगळं तिच्यात. तीच उचल, थोडी साफ कर, शेवटी रीबूट लिही. पासवर्ड तिन्ही फाईलींत उघडा ठेवू नकोस, ओपनएसएसएल पासवर्ड मायनस ६ नं हॅश करून टाक, कारण या फाईली एचटीटीपीवर लॅबमधलं कुठलंही पोरगं उघडून बघू शकतं, आणि बघतंच.

आता एक फुकटचा सल्ला. उत्तरांच्या फाईलीत कमीत कमी लिही. डिस्क, यूजर, एसएसएच (दुरून लॉगिन), त्याची चावी, बास. कंपायलर, एडिटर, मराठी फाँट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, प्रिंटर हे सगळं नंतर, एका जागेवरून सगळी मशीन सेट करणाऱ्या अ‍ॅन्सिबलनं. मी सुरुवातीला किकस्टार्टच्या पोस्ट विभागात २०० ओळी लिहिल्या होत्या, मग तेच परत प्रीसीडच्या लेट कमांडमध्ये, मग उबंटूच्या लेट कमांड्समध्ये. एका पॅकेजचं नाव बदललं की तीन ठिकाणी दुरुस्ती, एक ठिकाण हमखास राहायचं. इन्स्टॉलरनं मशीन उभं करून द्यायचं, घर सजवायचं काम दुसऱ्याचं.

---

पेनड्राईव्ह_मास्तर · रविवार, रात्री ८:२०

हे सगळं वाचून डोकं दुखायला लागलं. तीन फाईली, दोन बूटलोडर, अ‍ॅन्सिबल. क्लोनझिलात यातलं काहीच नाही. कोणीतरी मला सांगा माझ्यात चुकलं काय.

---

हळदीचा_रूट · रविवार, रात्री ८:५१

मास्तर, चुकलं काही नाही, ४० मशीन एकाच तोंडवळ्याची असती तर मी पण तेच म्हणाले असते. पण याच्याकडे अर्धी बायोस आणि अर्धी यूईएफआय, जुन्यावर काढलेली इमेज नव्यावर उभी राहणार नाही. तीन डिस्ट्रो गुणिले दोन प्रकार, सहा इमेज सांभाळायच्या, आणि प्रत्येक अपडेटला सहाही परत काढायच्या. आणि मशीन-आयडी, म्हणजे मशीनची ओळख ठेवणारी फाईल? इमेज काढायच्या आधी ती फाईल रिकामी केली नाही तर ३९ मशीन एकच आयडी घेऊन जन्मतात. नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला आपली ओळख त्याच आयडीवरून सांगतं, मग उबंटू सर्व्हरची दोन क्लोन एकच आयपी घेऊन भांडत बसतात आणि आपण स्विचला शिव्या घालतो. एसएसएचच्या होस्ट की पण सगळ्यांच्या सारख्याच.

---

पेनड्राईव्ह_मास्तर · रविवार, रात्री ९:०५

ती आयपीची भांडणं होय... आम्ही दोन स्विच बदलले त्याच्यापायी. बरं.

---

अजिंक्यताऱ्याखाली · रविवार, रात्री १०:३०

साताऱ्यातून. दोन छोट्या गोष्टी. एक, स्विच मॅनेज्ड असेल तर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी सोय) बघा. पोर्ट वर आल्यावर जुनं स्पॅनिंग ट्री १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, तोवर काही पुढे सोडत नाही, आणि पीएक्सई तेवढं थांबत नाही, कंटाळून निघून जातं. मशीन कधी बूट होतं कधी नाही असं होत असेल तर हेच. पोर्टफास्ट चालू करा, मग हे थांबणं टळतं.

दोन, मॅडमना रॉकी ९ च द्या, १० चा हट्ट नको. १० ला एक्स८६-६४-व्ही३ लागतं, म्हणजे एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर, तुमच्या तिसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये ते नाही. ९ ला व्ही२ पुरतं, ते आहे.

---

कुपवाड_एमआयडीसी · सोमवार, सकाळी ७:३०

थांब, एक महत्त्वाचं राहिलंच, आज चालवायच्या आधी वाच. मेन्यूत काहीच निवडलं नाही तर काय होणार? ते लोकल डिस्क पाहिजे, इन्स्टॉल नाही. मी एकदा डिफॉल्ट इन्स्टॉल ठेवलं होतं, वाटलं तेवढंच एक एंटर वाचेल. रात्री लाईट गेली, पहाटे आली, अकाउंट्सचं मशीन बायोसमध्ये नेटवर्क पहिलं ठेवलेलं होतं, ते आपलं आपण उठलं आणि इमानदारीत स्वतःला पुसून डेबियन टाकून घेतलं. टॅलीचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा. पुढचे तीन दिवस मी बिलं वाचून दाखवत होतो आणि अकाउंटंट टाईप करत होते, मध्ये मध्ये माझ्याकडे नुसतं बघायचे.

आणि आयपीएक्सईच्या मेन्यूचा टाईमआउट मिलीसेकंदात असतो. १० सेकंद पाहिजेत तर १०००० लिही. नुसतं १० लिहिलंस तर मेन्यू कधी आला कधी गेला कळणार पण नाही.

नव्या मशीनमध्ये डिस्क एकच आहे का रे?

---

विश्रामबाग_लॅबवाला · सोमवार, सकाळी ९:५५

दोन आहेत. २५६ जीबीची एनव्हीएमई, त्यावर विंडोज आहे ते पुसायचंय. आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क, तिच्यावर मेकॅनिकलच्या पोरांची ऑटोकॅडची ड्रॉइंग असतात, तिला हात लावायचा नाही. का?

उबंटूच्या फाईलीत डिस्कसाठी साइज लार्जेस्ट लिहिलंय, नेटवर एका ठिकाणी उदाहरण होतं.

---

हळदीचा_रूट · सोमवार, सकाळी ९:५८

चालवू नकोस!!! लार्जेस्ट म्हणजे सगळ्यात मोठी डिस्क, ती १ टीबीची. पोरांची ड्रॉइंग जातील. मॅच मध्ये एसएसडी ट्रू लिही. किकस्टार्टमध्ये इग्नोरडिस्क, ओन्ली-यूज, एनव्हीएमई०एन१. प्रीसीडमध्ये पण पार्टमनला (डिस्कचे भाग पाडणाऱ्याला) डिस्कचं पूर्ण नाव दे.

---

कुपवाड_एमआयडीसी · सोमवार, सकाळी १०:०४

म्हणूनच विचारलं. आणि फाईल कितीही बरोबर असली तरी आज एकाच मशीनवर चालव, त्या मशीनच्या मोठ्या डिस्कची केबल काढून.

---

विश्रामबाग_लॅबवाला · सोमवार, सकाळी १०:११

हात थरथरायला लागले. मी १६ ही मशीन चालू करून एफ१२ दाबायलाच निघालो होतो.

---

विश्रामबाग_लॅबवाला · गुरुवार, रात्री ९:४०

अपडेट देतो, कामं होती म्हणून उशीर.

झालं. ४० च्या ४०. सोमवारी एका मशीनवर केबल काढून, मंगळवारी तिघांवर केबल लावून, मोठी डिस्क दर वेळी उघडून बघितली, ड्रॉइंग जागच्या जागी. मग बुधवारी सगळी. जुन्या २४ वर डेबियन १२, ताईंनी सांगितल्याप्रमाणे नेटबूट ताजं उतरवलं आणि मॉड्यूलचं रडणं बंद. मध्ये एपीटी-कॅशर-एनजी बसवलं, पहिल्या मशीननं पॅकेज बाहेरून आणली, बाकीच्यांना सर्व्हरवरूनच मिळाली, नाहीतर आमचं नेट २४ मशीनखाली झोपलं असतं.

नव्यांपैकी १० वर उबंटू, ६ वर रॉकी ९. उबंटूला सुरुवातीला एवढा वेळ लागत होता की मला वाटलं परत कुठेतरी अडकलं. बघतो तर सर्व्हरची केबल जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचला. कागदावर हिशोब केला, १० मशीन गुणिले २.६ जीबी म्हणजे २६ जीबी, सेकंदाला जेमतेम १२ एमबीनं ३५-४० मिनिटं नुसती आयएसओ पोचायलाच. गिगाबिटच्या स्विचवर हलवलं, चार-पाच मिनिटांत पोचली. एवढं साधं पण आधी बघितलं नव्हतं.

साताऱ्याच्या दादांचं स्पॅनिंग ट्री पण खरं निघालं, मागच्या रांगेतली ५ मशीन त्याच्यामुळेच रुसली होती.

मशीन नंबर ३३ चं नेटवर्क कार्डच गेलंय, तिला शेवटी पेनड्राईव्ह लावला. मास्तर, तुमची आठवण काढली.

अ‍ॅन्सिबल अजून पूर्ण कळलेलं नाही पण जीसीसी, लोहित फाँट आणि इनस्क्रिप्ट एवढं तिन्हीकडे गेलं. रॉकीत आणि डेबियनमध्ये पॅकेजची नावं वेगळी, त्यात एक संध्याकाळ गेली.

---

पेनड्राईव्ह_मास्तर · गुरुवार, रात्री ९:५२

३३ नंबरनं लाज राखली माझी. 😄 ते मशीन-आयडीचं मी पण आमच्याकडे रिकामं करून बघितलं, भांडणं थांबली.

---

कुपवाड_एमआयडीसी · गुरुवार, रात्री १०:०३

शाब्बास. नव्या मशीनचं बूट ऑर्डर एकदा तपास, यूईएफआयला इन्स्टॉल झाल्यावर बहुतेक वेळा डिस्क पहिली येते, पण जुन्या २४ वर नेटवर्क पहिलं ठेवलं असशील तर ते तसंच राहील. आणि काय रे, त्या पहिल्या दिवशीच्या नेट बंदचं प्राचार्यांना सांगितलंस का शेवटी?

---

विश्रामबाग_लॅबवाला · गुरुवार, रात्री १०:१०

नाही दादा. त्यांनी त्याच दिवशी नवीन राऊटरची ऑर्डर दिली. काल आला, आणि तो बसवायचं काम माझ्याकडेच दिलंय.